अकरा मुलाखती झाल्या, हाती मात्र ‘बरं हाये’ एवढंच: गुणात्मक पद्धत प्रत्यक्षात करायची कशी?

कपाशीचं_बोंड (प्रश्न)

एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) दुसरं वर्ष, जिल्हा यवतमाळ. लघुप्रबंधाचा विषय आहे ‘कापूस वेचणीच्या हंगामात शेतमजूर बायका स्वतःचं आजारपण कसं निभावतात’. वर्गात गुणात्मक संशोधनावर दोन तास झाले. व्याख्या, वैशिष्ट्यं, फायदे-तोटे एवढंच झालं. समोर बाई बसली की करायचं काय, हे कुठल्याच नोट्समध्ये नाही.

आतापर्यंत एका गावात ११ मुलाखती. सरपंचांनी बायकांना ग्रामपंचायतीच्या सभागृहात बोलावून दिलं. एक मुलाखत सरासरी १२ मिनिटांची. प्रश्न साधारण असे:

वेचणीमुळे आपल्या आरोग्यावर काय परिणाम होतो?
आजारी पडल्यास आपण कोणत्या आरोग्य सुविधेचा लाभ घेता?
उपचार घेण्यात कोणत्या अडचणी येतात?
शासकीय योजनांची माहिती आहे का?

उत्तरं: ‘बरं हाये’, ‘दवाखान्यात जातो’, ‘पैशाची अडचण हाये’. अकरा जणींची अकरा पानं एकावर एक ठेवली तर नाव सोडून फरक नाही.

आणखी काही विचारायचं आहे. किती मुलाखती पुरतात? मार्गदर्शक म्हणतात नमुना किमान ५० हवा आणि गृहीतक (आधी मांडून मग तपासायचं विधान) पाहिजेच. वऱ्हाडी बोलणं प्रमाण मराठीत करून लिहायचं का? कोडिंग म्हणजे नेमकं काय करतात? आणि पुढच्या गावच्या यादीत दोघी जणी शेतकरी आत्महत्या झालेल्या घरातल्या आहेत, त्यांना त्याबद्दल विचारावं का? वेचणी जानेवारीत आटोपेल, प्रबंध मार्चअखेर द्यायचा आहे.

---

धुऱ्यावरून

ताई, बायका बोलत नाहीत असं नाही. तुमचा प्रश्नच त्यांना बोलू देत नाही. ‘आरोग्य सुविधेचा लाभ घेता’ हे भिंतीवरच्या पोस्टरचं वाक्य आहे, घरात कोणी असं बोलत नाही. त्यातून सरपंचानं बोलावलं, बसवलं ग्रामपंचायतीत, म्हणजे समोरची बाई तुम्हाला योजनेवाली समजणार. मग तिच्याकडे दोनच उत्तरं उरतात. तक्रार अंगाशी नको म्हणून ‘बरं हाये’, नाहीतर यादीत नाव लागलं तर लागलं म्हणून ‘पैशाची अडचण’. अकराही जणींकडून तुम्हाला तीच मिळाली आहेत.

आधी प्रश्न बदला. मत विचारायचं नाही, दिवस विचारायचा. ‘काय परिणाम होतो’ याचं उत्तर द्यायला बाईला आपल्या आयुष्याचा गोषवारा करावा लागतो, आणि तो कोणालाच चटकन जमत नाही. घडलेला दिवस मात्र सगळ्यांना सांगता येतो. मुलाखत मार्गदर्शिकेत सहा ते आठ मुख्य प्रश्न पुरेत, तेही बोलीत लिहून ठेवा. वाचताना तोंड अडखळलं तर तो शब्द बदला. असे काही:

काल सकाळी उठल्यापासून वावरात पोचेपर्यंत काय काय केलं, सांगा बरं.
या सालच्या वेचणीत असा एखादा दिवस झाला का, आंगात बरं नव्हतं तरी गेल्या?
त्या दिवशी पयले कोणाले सांगतलं? तो काय म्हणाला?
संध्याकाळी काट्यावर किती भरला त्या दिवशी? रोजच्यापेक्षा किती कमी?
आन् घरीच राह्यल्या, असा दिवस?
टोळीतली दुसरी कोणी वावरात बसून गेली त बाकीच्या काय करतात?

काट्याचा प्रश्न मुद्दाम घातला आहे. वेचणीची मजुरी किलोमागे असते, म्हणून आजारपणाचं मोजमाप या बायकांकडे किलोत असतं. ‘ताप किती होता’ विचारलं तर ‘लय होता’. ‘कापूस किती भरला’ विचारलं की आकडा येतो, आणि आकड्यामागून सगळा दिवस येतो: कितव्या तासाला हात थांबला, कमरेला बांधलेली कापसाची ओटी कोणी उचलून दिली, टोळीचा मुकादम काय बोलला.

‘काऊन’, म्हणजे ‘का’, शक्यतो टाळा. ‘दवाखान्यात काऊन नाई गेल्या?’ हा प्रश्न नर्सबाई विचारते, नवरा विचारतो, सासू विचारते. तो जाब वाटतो आणि बाई कारणं देऊ लागते. ‘मग काय झालं?’ एवढंच विचारा. किंवा तिचाच शेवटचा शब्द परत करा. ती म्हणाली ‘मंग बसून राह्यली’, तुम्ही म्हणा ‘बसून राह्यल्या...’ आणि गप्प बसा. मनात पाच अंक मोजा. शिकणाऱ्याला हे पाच अंक फार जड जातात, तो तिसऱ्यालाच पुढचा प्रश्न टाकतो आणि खरं वाक्य तिथंच मरतं. तुमच्या ध्वनिमुद्रणांतलं एखादं ऐका आणि फक्त एक गोष्ट मोजा: एकूण वेळात तुमचा आवाज किती मिनिटं आहे. एक चतुर्थांशाहून जास्त असेल तर त्या मुलाखतीत तुम्हीच बोललात.

जागा आणि वेळ: सभागृह नको. आठवडी बाजाराच्या दिवशी बहुतेक टोळ्या वावरात जात नाहीत. बाजार उरकून दुपारी घरी आल्यावरचा तास चांगला. एरवी रात्री भांडी झाल्यावर साडेआठच्या पुढं. वेळ ४५ ते ६० मिनिटं धरा, पण दिवसभर वाकून आलेल्या बाईला एका बैठकीत एवढं झेपत नाही, तर अर्ध्या-अर्ध्या तासाच्या दोन बैठका करा. दुसऱ्या बैठकीत ती तुम्हाला ओळखत असते. फरक कानालाच कळतो.

नवरा हमखास येऊन बसतो आणि तिच्या वाटची उत्तरं देऊ लागतो. ‘तुम्ही जरा बाहेर जा’ म्हणू नका, त्याचा राग नंतर तिच्यावर निघतो. सोबत एक मैत्रीण न्या. तिनं ओसरीवर त्याला यंदाच्या बोंडअळीबद्दल आणि भावाबद्दल विचारावं. त्या विषयावर तो तास-दीड तास सहज बोलेल.

आणि मुलाखतीच्या आधी दोन दिवस टोळीबरोबर वावरात जा, हे चुकवू नका. परवानगी मालकाची आणि टोळीची, दोघांचीही घ्या. सकाळी दहिवर असताना वेचलेला कापूस ओला असतो, वजन जास्त भरतो, म्हणून मालक लवकर हात लावू देत नाही आणि बायकांना घाई असते. ही ओढाताण डोळ्यांनी पाहिली नसेल तर मुलाखतीत आलेली ‘नऊ वाजता’ ही वेळ तुमच्या कानावरून निसटेल. बोटं पाहा: उकललेल्या बोंडाची वाळलेली टोकं नखाच्या कडेला टोचतात, कोणी चिंधी गुंडाळते, कोणी नाही. भरत आलेली ओटी कमरेला किती मिनिटं राहते, घड्याळ लावून टिपा. त्याच रात्री झोपण्याआधी लिहून काढा. वहीच्या डाव्या पानावर जे दिसलं-ऐकलं ते, उजव्या पानावर तुम्हाला काय वाटलं ते. दोन्ही एकत्र लिहिलं तर महिन्यानं कोणतं कोणतं ते सांगता येत नाही.

जुन्या ११ मुलाखती माझ्या मते बाजूला ठेवा. विश्लेषणात घेऊ नका.

---

टिपणवही

वरचं सगळं पटलं, शेवटची ओळ सोडून. त्यावर इतर बोलतीलच. मी लिहून काढणं आणि कोडिंग एवढंच घेतो.

वऱ्हाडी प्रमाण मराठीत करू नका. जसं बोललं तसं लिहा: ‘मले’, ‘काऊन’, ‘जाऊन राह्यली’. कारण अर्थ शब्दात अडकलेला असतो. साधं उदाहरण घ्या, ‘रोज बुडते’. आपल्याकडे रोज म्हणजे दिवसाची मजुरी. हे वाक्य ‘दररोज नुकसान होते’ असं सुधारून लिहिलं की तुमच्या हातातला सगळ्यात कामाचा शब्द गेला. इंग्रजीत करायला यंत्राला दिलंत तर बाई दररोज पाण्यात बुडेल. आवाजावरून आपोआप टाइप करणारी सोय मोबाइलवर आहे, पण ती प्रमाण भाषेवर शिकलेली. वऱ्हाडीत ती शब्द ‘दुरुस्त’ करते आणि ते तुमच्या लक्षातही येत नाही. वापरायचीच तर कच्चा खर्डा म्हणून वापरा आणि शब्दन् शब्द ऐकून तपासा. शिवाय आवाजाची फाइल कुठल्या संकेतस्थळावर चढवता आहात आणि बाईनं त्याला हो म्हटलं होतं का, हाही प्रश्न आहेच.

वेळेचा हिशेब आधी करा. एक तासाचं बोलणं लिहायला नवख्याला पाच ते सहा तास लागतात. १२ मुलाखती, प्रत्येकी ५० मिनिटं, म्हणजे १० तास बोलणं, ५० ते ६० तास टायपिंग. हे मार्चवर ढकललं तर संपलं. मुलाखत झाली की ४८ तासांत ती लिहून काढायची, तोवर दुसरी घ्यायची नाही, असा नेम ठेवा. त्याचा फायदा पुढंही आहे, लिहिताना कळतं की आपण कुठं तिला अर्ध्यावर तोडलं.

खुणा थोड्याच, पण ठरलेल्या: (हसते), (थांबते), (आवाज खाली), ऐकू आलं नाही तिथं (अस्पष्ट) आणि मिनिट. अंदाजानं शब्द भरू नका. प्रत्येक ओळीला क्रमांक द्या. आणि कृपा करून युनिकोडमध्ये टाइप करा. अजून कित्येक डीटीपी सेंटरवाले कृती देव किंवा श्रीलिपी अशा युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये करून देतात. छापलं की छान दिसतं, पण फाइलमध्ये ‘रोज’ शोधलं तर सापडत नाही आणि दुसऱ्या संगणकावर सगळी अक्षरं बिघडतात.

आता कोडिंग, म्हणजे प्रत्येक ओळीत काय चाललंय ते सांगणारं छोटं नाव त्या ओळीला देणं. खालचा उतारा समजावण्यासाठी रचलेला आहे, कोणाच्या मुलाखतीतला नाही.

४१ बुखार होता त तरी गेली मी.
४२ घरी राह्यलं त रोज बुडते ना.
४३ मेडिकलातून गोळी आनली, चहासंगं घेतली.
४४ मुकादम म्हने, आज नाई आली त उद्या दुसरीले सांगतो.
४५ (थांबते) मंग जा लागते.

शिकाऊ माणूस इथं दोन कोड लावतो: ‘आरोग्य समस्या’ आणि ‘आर्थिक समस्या’. हे कोड नव्हेत, डबे आहेत. अख्खी मुलाखत या दोन डब्यांत मावेल आणि वाचणाऱ्याला काहीच कळणार नाही. कोड उताऱ्याला चिकटलेला हवा आणि शक्यतो क्रियापद असलेला. ४१ ला ‘ताप असून कामावर जाणं’. ४२ ला तिचाच शब्द, ‘रोज बुडते’. ४३ ला ‘मेडिकलमधून थेट गोळी घेणं’. ४४ ला ‘टोळीतली जागा जाण्याची धमकी’. ४५ ला ‘मग जावं लागतं म्हणणं’, आणि कडेला टीप: इथं ती थांबली, का?

४२ आणि ४४ शेजारी ठेवून बघा. ४२ मध्ये एका दिवसाची मजुरी जाते, ४४ मध्ये उरलेल्या हंगामाची जागा जाते. दोन्हींवर ‘आर्थिक समस्या’ असं लेबल लावलं असतं तर हा फरक पुसला गेला असता. कदाचित तुमचा अख्खा प्रबंध याच फरकावर उभा राहील.

पहिल्या दोन-तीन मुलाखतींतून साठ-सत्तर कोड निघतात, घाबरू नका. मग सारखे एकत्र करा, तीस-चाळीसपर्यंत आणा आणि कोडपुस्तिका करा. प्रत्येक कोडासमोर त्याची एक ओळीची व्याख्या, कधी लावायचा, कधी लावायचा नाही आणि एक नमुना ओळ. ‘कधी लावायचा नाही’ हा रकाना सगळे गाळतात आणि नंतर त्यावरच भांडण होतं. एक मुलाखत मैत्रिणीला कोड करायला द्या, तुमचे कोड न दाखवता. जिथं जुळलं नाही तिथं बहुतेक वेळा व्याख्याच ढिली निघते.

त्यानंतर आशयसूत्र, म्हणजे थीम. थीम हे वाक्य असतं. ‘आरोग्य आणि उपचार’ हे शीर्षक झालं. ‘आजारपणात मजुरीपेक्षा टोळीतली जागा जाण्याची धास्ती मोठी असते’ ही थीम झाली, कारण ती खोटी ठरू शकते. मग मुद्दाम ती खोटी पाडणारी बाई शोधा. सापडली तर तिलाही प्रबंधात जागा द्या. तिला गाळू नका.

सॉफ्टवेअर लागतंच असं नाही. बारा मुलाखतींना एक्सेल पुरतं: मुलाखत क्रमांक, ओळ, उतारा, कोड, टीप असे पाच रकाने, आणि कोडवर गाळणी लावायची. टॅगेट नावाचं मोफत साधन आहे, स्वतःच्या संगणकावर चालतं. एनव्हिवो, अॅटलास-टीआय हे पैशाचे, आणि तेही तुमच्यासाठी विचार करत नाहीत.

---

कपाशीचं_बोंड

खूप आभार दादा. ‘आरोग्य समस्या’ आणि ‘आर्थिक समस्या’ हेच दोन कोड मी हिरव्या आणि पिवळ्या रंगात लावून ठेवले होते 🙈

नमुन्याचं आणि मार्गदर्शकांचं काय करू?

---

बाजारवार

आधी त्या ११ मुलाखतींबद्दल. टाकून देऊ नका. त्यात आजारपणाची माहिती नाही हे खरं, पण अधिकृत जागेत, अधिकृत भाषेत विचारलं की बायका काय सांगतात याची माहिती आहे. त्यातल्याच चार-पाच जणींकडे नव्या मार्गदर्शिकेसह घरी जा. एकाच बाईचं सभागृहातलं आणि चुलीजवळचं उत्तर शेजारी ठेवा. संशोधन पद्धतीच्या प्रकरणात याची दोन पानं होतात, आणि तोंडी परीक्षेत तुम्हाला त्यावरच जास्त विचारतील.

आता किती. २००६ मध्ये गेस्ट, बन्स आणि जॉन्सन या तिघांचा एक लेख आला. घाना आणि नायजेरियातल्या ६० मुलाखती त्यांनी क्रमानं तपासल्या, तर बहुतेक कोड पहिल्या १२ मुलाखतींतच येऊन गेले होते. तेव्हापासून १२ हा आकडा मंत्रासारखा सगळीकडे लिहिला जातो. पण त्यांच्या अटी वाचल्याशिवाय तो वापरू नका: गट बऱ्यापैकी एकसारखा होता, प्रश्न सगळ्यांना तेच होते आणि विषय आखीव होता. तुमच्या १२ जणी चार वेगळ्या वस्त्यांतल्या असतील तर प्रत्येक वस्तीच्या वाट्याला तीनच येतात, आणि तीनात काही भरत नाही. ‘नवीन काही येईनासं झालं’ म्हणजे संपृक्तता. ती सांगायची तर प्रत्येक मुलाखतीनंतर नवे कोड किती निघाले याचा तक्ता ठेवावा लागतो. सगळ्या मुलाखती संपवून मग कोडिंगला बसलात तर संपृक्तता झाली होती की नाही हे सांगायला तुमच्याकडे पुरावाच नसतो. तरीही दर दुसऱ्या प्रबंधात ते वाक्य असतं.

आकड्याआधी कोण निवडायचं ते ठरवा. सरपंच ज्या बायका देतो त्या सरपंचाच्या माहितीतल्या. आशाताईंनी दिल्या तर त्या नियमित दवाखान्यात जाणाऱ्या, आणि तुमचा विषय तर न जाणाऱ्यांचा आहे. गावाचा नकाशा काढा, जमिनीवर खडूनं, चार बायकांना सोबत घेऊन: मुख्य वस्ती, बौद्धपुरा, बंजाऱ्यांचा तांडा, जवळ असेल तर कोलाम आदिवासींचा पोड, पारध्यांचा बेडा. मग दोन अक्षांची एक चौकट. आडवी: भूमिहीन, आणि घरचं दोन-चार एकर असूनही मजुरीला जाणाऱ्या. उभी: लहान मूल अंगावर असलेल्या, मधल्या वयाच्या, साठीच्या पुढच्या. चौकटीची सहा घरं झाली. प्रत्येक घरात दोन-तीन, म्हणजे १२ ते १८. एका बाईनं दुसरीचं नाव सुचवायची साखळी वापरली तर तीन वेगळ्या वस्त्यांतून तीन वेगळ्या साखळ्या सुरू करा, एकच लांब साखळी केलीत तर सगळ्या एकाच टोळीच्या निघतील.

पोडावर कोलामी आणि तांड्यावर गोरमाटी बोलतात. घरच्या आजारपणाचं बोलणं त्याच भाषेत मोकळं होतं. दुभाषा घेतला तर त्याला एक गोष्ट आधी पढवा: ‘ती म्हणते की तिला त्रास होतो’ असं नाही, तिच्या जागी बसून ‘माझी कंबर धरते’ असं सांगायचं. नाहीतर दहा वाक्यांचं एक वाक्य होऊन तुमच्यापर्यंत येतं.

मार्गदर्शकांशी वाद घालू नका, गणित दाखवा. ५० मुलाखती गुणिले ५० मिनिटं म्हणजे जवळपास ४२ तास बोलणं, लिहायला २०० तासांच्या वर, आणि कोडिंग अजून सुरूच झालेलं नाही. त्यापेक्षा १५ खोल मुलाखती, दोन गटचर्चा, वावरातली चार दिवसांची निरीक्षणं आणि सोबत प्रत्येकीचं एक पानाचं माहितीपत्रक: वय, जमीन, मुलं, वेचणीचे दिवस, प्राथमिक आरोग्य केंद्राचं अंतर. चौथ्या प्रकरणात तक्ते पाहिजेतच असा आग्रह असतो, तो या माहितीपत्रकातून भागतो. फक्त टक्केवारी काढू नका. पंधरांतल्या नऊ जणी म्हणजे ‘६० टक्के महिला’ नव्हे. तुम्ही निवडून घेतलेल्या पंधरांवरून जिल्ह्याचा टक्का निघत नाही.

गृहीतकाच्या रकान्यात सरळ लिहा: या अभ्यासात आधी ठरवलेलं विधान तपासायचं नसून पुढील प्रश्नांचा शोध घ्यायचा आहे, आणि खाली तीन प्रश्न द्या. रकाना रिकामा सोडला की हरकत येते, भरलेला असला की बहुधा येत नाही.

गटचर्चेचं थोडक्यात: सहा ते आठ जणी, एक-सव्वा तास, एक विचारणारी आणि एक टिपणारी. गोलात बसवा, टिपणारीनं प्रत्येकीला क्रमांक द्यावा, नाहीतर मुद्रणात कोण बोललं ते कळत नाही. मालकीण आणि मजूर एका गोलात नको, सासू आणि सून नको, मुकादम तर नकोच. गटचर्चेत ‘तुम्हाला काय झालं’ विचारायचं नाही. ‘आपल्या गावात अशा वेळी काय करतात’ हे विचारायचं. पाळी, अंगावरून जाणं, गर्भपिशवी हे विषय गटात निघाले तर थट्टेवारी जातात, ते एकटीपाशी.

---

ओसरी

त्या दोघींबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

तुमचा विषय वेचणी आणि आजारपण आहे. आत्महत्येबद्दल विचारायचं नाही. संकोचाचा प्रश्न बाजूला ठेवला तरी पद्धतीचं कारण आहे. सरकारी मदतीसाठी प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ठरताना ती कहाणी तिनं पोलिसांना, तलाठ्याला, चौकशीला आलेल्या प्रत्येकाला सांगितलेली असते: कर्ज किती, सातबारा कोणाच्या नावावर, नापिकी कधीची. सांगून सांगून ती कागदाच्या आकाराची झालेली असते. अनोळखी माणसानं वही काढून विचारलं की तीच पुन्हा बाहेर येते, आणि जखम मात्र दर वेळी खरी उघडते. वर अशी शंका राहतेच की ही पोरगी पुन्हा चौकशीला आली का, मिळालेलं परत घेतील का.

तिनं स्वतःहून विषय काढला तर ऐका. मध्येच ‘हे बंद करू का’ म्हणून मोबाइलकडे बोट दाखवा आणि ती म्हणेल तसं करा. रडू आलं तर पुढचा प्रश्न नाही. मुलाखत तिथंच संपवली तरी चालते, पण तिला तशीच सोडून उठू नका. बोलणं उद्याच्या वेचणीवर, पोरांच्या शाळेवर येईपर्यंत बसा. दुसऱ्या दिवशी एक चक्कर मारा, वही न घेता. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक चिठ्ठीवर लिहून जवळ ठेवा. त्यावर मराठीत बोलता येतं.

संमतीपत्राचंही ऐका. गावात ‘इथं सही करा’ म्हटलं की बाईच्या डोळ्यांपुढं फायनान्सच्या गटकर्जाचा कागद येतो. आधी तोंडी सांगा, पाच-सहा वाक्यांत: मी कोण, कशासाठी विचारते, किती वेळ लागेल, आवाज टिपते पण नाव कुठं येणार नाही, यातून योजना-पैसा काही मिळणार नाही आणि मधेच नको वाटलं तर उठून जाता येईल. मग तिला तिच्या शब्दांत परत सांगायला लावा. ‘पैसा मिळणार नाही’ हे वाक्य गाळू नका, ते गाळल्यामुळेच ‘पैशाची अडचण’ हे उत्तर येतं. वाचता येत नसेल तर अंगठा आणि सोबत तिच्या विश्वासातला, पण तुमच्या कामाशी संबंध नसलेला साक्षीदार. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांतही हेच आहे. आणि तुमच्या संस्थेच्या नैतिक समितीची मंजुरी मुलाखतींच्या आधीची हवी, नंतरच्या तारखेची चालत नाही. ती घेतली नसेल तर उद्याच विचारा.

टोपणनाव दिलं म्हणजे ओळख लपली असं नाही. ‘तांड्यावरची, पोलीस पाटलाच्या शेतात वेचणारी, जुळ्या मुलांची आई’ एवढं लिहिलं की अख्खा तालुका नाव सांगेल. गावाचंही नाव बदला, जुळी काढून टाका, मालकाचं पद काढून टाका. मात्र टोपणनावातून जात-जमात बदलून जाईल असं नाव देऊ नका, तिथं अर्थ बदलतो.

---

कपाशीचं_बोंड

समितीचं उद्याच विचारते, तोवर नव्या मुलाखती थांबवल्या. पहिल्या गावात बाजार रविवारी असतो, मंजुरी आली की त्या दिवसापासून सुरू करीन. शेवटचं एक: मुद्रणं आत्ता फक्त मोबाइलमध्ये आहेत. पेनड्राइव्हवर टाकली तर पुरे का?

---

टिपणवही

पेनड्राइव्ह आणि मोबाइल एकाच पिशवीत असतील तर ती एकच प्रत धरा. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९४८ मध्ये म्हैसूरकडच्या एका खेड्यात राहून टिपणं केली होती. ती वर्गवारी करून, नीट लावून तयार केली, तीन प्रती केल्या. १९७० मध्ये स्टॅनफर्डला त्यांच्या अभ्यासिकेला आग लावली गेली तेव्हा तिन्ही प्रती तिथंच होत्या. पुढं पुस्तक बरंचसं आठवणीवर लिहावं लागलं. त्यांना ते जमलं. आपल्याला मार्चअखेर द्यायचं आहे.

मुद्रण एमपी३ मध्ये १२८ केबीपीएसला ठेवलं तर तासाला साठ एमबीच्या आत बसतं, १५ मुलाखतींना एक जीबीही लागत नाही. एक प्रत संगणकात पासवर्डखाली, एक पेनड्राइव्हवर दुसऱ्या घरी. फाइलला बाईचं नाव नको: ‘ग२_मु०७_बै१’, म्हणजे दुसरं गाव, सातवी मुलाखत, पहिली बैठक. कोण कितवी याची यादी कागदावर, एकाच वहीत, आणि ती वही गावात न्यायची नाही. मुद्रणाच्या वेळी मोबाइल विमान मोडवर आणि खाली घडी केलेला रुमाल, नाहीतर खाटेची करकर आवाजाच्या वर येते. कूलर, पंखा, शेजारची पाण्याची मोटर बंद होईपर्यंत थांबा. पहिलं मिनिट झालं की ऐकून पाहा, आणि मगच ‘काल सकाळी उठल्यापासून’ विचारा.